गाडीखालचाच गिअरबॉक्स

जुन्या स्पोर्ट्स कारचा दुसरा गिअर टाकताना करकरू लागला, तिसरा आपोआप सुटून न्यूट्रलमध्ये येऊ लागला, की मालकाला एकच प्रश्न पडतो: दुसरा गिअरबॉक्स कुठे मिळेल? मग शोध सुरू होतो. भंगारात निघालेल्या गाड्यांची चौकशी होते, क्लबातल्या जुन्या सभासदांना फोन जातात, परदेशी असलेल्या भावाच्या किंवा मुलीच्या गळ्यात काम पडतं. प्रश्न रास्त आहे, पण तो एक पायरी आधी विचारला जातो. बहुतेक वेळा जो गिअरबॉक्स शोधायचा तो गाडीखालीच बसवलेला असतो. तो उतरवून, खोलून, झिजलेले भाग बदलून परत बसवणं हा पहिला मार्ग. दुसऱ्या गाडीतून काढलेला त्याच जातीचा बॉक्स आणणं हा दुसरा, आणि नव्या काळातल्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स बसवणं हा तिसरा. प्रत्यक्षात हा क्रम सर्रास उलटा लावला जातो आणि त्यात पैसा, वेळ आणि कधीकधी गाडीचा स्वभावही जातो. हे म्हणणं पटवून द्यायचं तर एखादी ठरावीक गाडी समोर घ्यायला हवी, कारण गिअरबॉक्सविषयी हवेत बोलणं सोपं असतं आणि निरुपयोगीही.

म्हणून एमजीबी घेऊ. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनत होती. उघडी रोडस्टर आणि १९६५ साली आलेली बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. स्पोर्ट्स कारच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सिरीज’ घराण्यातलं, म्हणजे आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं धावलेल्या १४८९ सीसीच्या इंजिनाचं थोरलं भावंड. नात्याच्या खुणा गिअरबॉक्समध्येही सापडतात. ॲम्बेसेडर चालवलेल्या पिढीला आठवत असेल, गाडी पुरती थांबल्याशिवाय पहिला गिअर सुखासुखी पडत नसे. चालत्या गाडीत तो टाकायचा तर डबल क्लच मारावा लागे. एमजीबीच्या पहिल्या पाच वर्षांतल्या गाड्याही अशाच. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर पडण्याआधी फिरत्या भागांचे वेग जुळवणारी रचना), पहिल्याला नाही. पहिल्याचे दात सरळ कापलेले असल्यामुळे तो ओरडतोही.

आता बाजारात ‘एमजीबीचा गिअरबॉक्स, उत्तम स्थितीत’ म्हणून जे विकलं जातं ते नेमकं काय असतं? एमजीबीचा गिअरबॉक्स ही एक वस्तू नाहीच. १९६४ च्या अखेरीस तीन मेन बेअरिंगांचं इंजिन जाऊन पाच बेअरिंगांचं आलं. १९६७ च्या शेवटी मार्क टू आली आणि तिच्याबरोबर चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला नवा बॉक्स आला. तो आकाराने मोठा, म्हणून गाडीच्या तळातला टनेल रुंद करावा लागला. इंजिनाची मागची प्लेट, फ्लायव्हील आणि स्टार्टर हेही त्याच वेळी बदलले. परिणामी नंतरचा बॉक्स आधीच्या गाडीत पत्रा कापल्या-ठोकल्याशिवाय बसत नाही, आणि आधीचा नंतरच्या गाडीत बसवायचा तर इंजिनाकडचे भागही सोबत आणावे लागतात. ओव्हरड्राइव्हचीही तीच कथा. लेकॉक कंपनीचं, त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारं हे युनिट गिअरबॉक्सच्या शेपटीला जोडलेलं असतं. जुन्या बॉक्सला ‘डी’ जातीचं, नव्याला ‘एलएच’ जातीचं. साध्या बॉक्सला मागाहून ओव्हरड्राइव्ह नुसतं बोल्टने जोडता येत नाही, कारण आतला मेनशाफ्टच वेगळा असतो. स्पीडोमीटरची केबल फिरवणाऱ्या गिअरचं प्रमाणही मधल्या काळात बदललं. चुकीची जोडी जमली तर काटा खोटं बोलतो. शेवटच्या काही वर्षांत ओव्हरड्राइव्ह फक्त चौथ्या गिअरवर चालेल अशी तजवीज झाली, त्याआधी ते तिसऱ्यावरही चालत असे. एवढ्या भानगडीत एकच गिअरबॉक्स असा असतो की जो आपल्या गाडीला बसतो याची शंभर टक्के खात्री आहे, आणि तो आधीच गाडीत बसलेला आहे. (मधल्या एखाद्या मालकाने भलताच बॉक्स बसवून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. साठ वर्षांच्या गाडीत तेही घडतं, म्हणून आवरणावरचे आकडे आणि गाडीचं साल एकदा ताडून बघावं.)

पण त्याच्याही आधी विचारायला हवं, की बिघाड गिअरबॉक्सचाच आहे का? एमजीबीसारख्या गाड्यांत ‘गिअरबॉक्स गेला’ या निदानामागे पुष्कळदा क्लच लपलेला असतो. क्लच हायड्रॉलिक आहे. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधून तेल ढकललं जातं, ते रबरी नळीतून खालच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं आणि तिथला दांडा क्लचचा फोर्क हलवतो. या साखळीत पेडलची पिन थोडी झिजली, नळी फुगू लागली, स्लेव्हच्या सीलमधून थेंब थेंब तेल झिरपलं, की फोर्क दोन-तीन मिलीमीटर कमी सरकतो. क्लच पुरता सुटत नाही. इंजिन गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतच राहतं, सिंक्रोची पितळी रिंग त्या ओढीशी झगडत बसते आणि मालकाला वाटतं दुसऱ्या गिअरचा सिंक्रो गेला. याची परीक्षा सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. रिव्हर्सला सिंक्रो नसतो. इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबावा, चार-पाच सेकंद थांबावं आणि मग हलकेच रिव्हर्स टाकावा. क्लच नीट सुटत असेल तर आतला शाफ्ट तोवर थांबलेला असतो आणि रिव्हर्स मुकाट्याने पडतो. तरीही करकरला, तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी पेडलपासून फोर्कपर्यंतची एकेक पिन तपासावी. ओव्हरड्राइव्ह लागत नाही म्हणून बॉक्स बदलायला निघालेल्यांनाही हेच सांगावं लागतं. त्यामागे अनेकदा तुटलेली वायर, गंजलेलं स्विच, मेलेला सोलेनॉइड किंवा नुसतं कमी पडलेलं ऑइल असतं.

क्लच निर्दोष ठरला, की मग कान लावायचा. गिअरबॉक्स बोलतो, फक्त त्याची भाषा एका साध्या रचनेतून समजते. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाची ताकद सरळ आरपार जाते. इनपुट शाफ्ट आणि मेनशाफ्ट एकमेकांना जखडले जातात. पहिल्या तीन गिअरमध्ये मात्र ती खाली लेशाफ्टवरच्या गिअरांत उतरते आणि परत वर येते. त्यामुळे गाडी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात घोंगावत असेल आणि चौथ्यात शांत होत असेल, तर संशय लेशाफ्टवर घ्यावा. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा लेशाफ्टचे रोलर. उताराला पाय उचलताच गिअर सुटतो, तर सिलेक्टरची स्प्रिंग आणि गोळी कमजोर झाली असावी किंवा हबचे दात गोल झाले असावेत. मग ऑइल काढून पांढऱ्या थाळीत ओतावं आणि त्यात लोहचुंबक फिरवावं. चुंबकाला राखाडी चिखलासारखी बारीक भुकटी चिकटली तर ते वयाचं लक्षण. इतक्या वर्षांत एवढं व्हायचंच. पोलादाच्या चमकत्या चकत्या चिकटल्या तर बेअरिंगचा किंवा शाफ्टचा कडक केलेला पृष्ठभाग सोलून निघतोय. आणि थाळीत सोनेरी कण तरंगतायत पण चुंबक त्यांना ओढत नाही, तर ते सिंक्रो रिंगचं किंवा थ्रस्ट वॉशरचं ब्राँझ. एवढ्या चाचण्यांतून बॉक्स न उतरवता निम्मं निदान होतं, आणि दुसऱ्या माणसाच्या जमिनीवर पडलेल्या, तेल काढून कोरड्या केलेल्या बॉक्सची यातली एकही चाचणी घेता येत नाही.

खोलल्यावर दिसतं ते बहुतेकदा धीर देणारं असतं. एमजीबीच्या बॉक्समध्ये लेशाफ्ट म्हणजे एक स्थिर दांडा. त्याच्यावर सुईसारख्या बारीक रोलरांच्या आधाराने गिअरांचा अखंड गुच्छ फिरत असतो. झीज सगळ्यात आधी इथे होते. दांड्याच्या ज्या भागावर भार येतो तिथला आरशासारखा पृष्ठभाग आधी मळकट होतो, मग त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, मग खड्डे एकमेकांना मिळतात आणि कपची निघते. ती कपची ऑइलबरोबर फिरून बाकीच्या बेअरिंगांत जाते. म्हणजे वेळीच खोलला तर बदलावं लागतं ते काय? एक दांडा, रोलरांचे संच, दोन-तीन बॉल बेअरिंग, सिंक्रो रिंगा, थ्रस्ट वॉशर, सील आणि गॅस्केट. गिअरचे दात, जे बनवायला सगळ्यात अवघड आणि महाग, ते बहुधा शाबूत असतात. अपवाद जुन्या बॉक्सच्या सरळ दातांच्या पहिल्या गिअरचा. घाईगर्दीच्या चालकांनी ठोकून ठोकून त्याच्या दातांची टोकं चावलेली असतात. पाच लाख गाड्यांच्या पुण्याईने हे झिजणारे भाग आजही नवे मिळतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेजने एमजीबीची अख्खी बॉडी नव्याने दाबून विकायला काढली; जिथे गाडीचा सांगाडा नवा मिळतो तिथे बेअरिंग न मिळण्याचं कारण नाही.

या सगळ्या युक्तिवादाचा कणा मात्र एका गैरसोयीत आहे. एमजीबीचा गिअरबॉक्स खालून एकटा उतरत नाही. टनेलची आणि आडव्या पट्टीची रचना अशी, की इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनेच, पुढून, साखळीवर तिरके करून बाहेर काढावे लागतात. रेडिएटर काढा, एक्झॉस्ट सोडा, प्रोपेलर शाफ्ट सोडा, क्लचचा पाइप, स्पीडोमीटरची केबल, गिअरची दांडी, वायरी. ही मेहनत कुठलाही बॉक्स बसवायचा ठरवला तरी सारखीच. स्वतःचा दुरुस्त करून बसवा, परका बसवा, जपानी बसवा, इंजिन एकदा बाहेर येणारच. मग ज्याच्या पोटात काय आहे हे माहीत नाही असा वापरलेला बॉक्स ‘चालू होता’ एवढ्या शब्दावर बसवायचा आणि पन्नास किलोमीटरवर तो घोंगावू लागला की तीच मेहनत दुसऱ्यांदा करायची, हा व्यवहार कुठल्या हिशोबात बसतो? शहाणा माणूस तो वापरलेला बॉक्सही आधी खोलेल. आणि खोलायचाच असेल तर आपला काय वाईट होता?

यावर ब्रिटनमधला माणूस म्हणेल, आम्ही रिकंडिशन केलेला बॉक्स घेतो. जुना देतो, तयार नेतो, आठवडा वाचतो. आक्षेप वजनदार आहे. तिथे फिटरच्या तासाला दर मोठा आणि तयार माल देणारे धंदेवाईक जाणकार. गाडी रोजच्या वापरात असेल तर मीही त्याच्याशी भांडणार नाही. पण या देवघेवीत काय होतं ते उघड्या डोळ्यांनी पाहावं. आलेल्या बॉक्समध्ये बेअरिंगं आणि रिंगा नव्या असतात, गिअर मात्र कुणा तिसऱ्याच गाडीचे जुने. त्या गाडीने काय सोसलं ते कुणालाच ठाऊक नसतं. आपला बॉक्स, ज्याचे गिअर कदाचित अधिक चांगले होते, तो कायमचा गेलेला असतो. म्हणून जिथे शक्य आहे तिथे ‘माझाच बॉक्स दुरुस्त करून द्या आणि काढलेले भाग पिशवीत घालून परत करा’ असं सांगावं. काढलेल्या भागांची पिशवी हा कुठल्याही बिलापेक्षा चांगला पुरावा असतो.

दुसरा आक्षेप अधिक मोहक आहे आणि तरुण मालकांच्या तोंडी तोच असतो. चार गिअरची गाडी आजच्या महामार्गावर बोंब मारत धावते. मग पाच गिअरचा नवा बॉक्स का नको? तयार किटही मिळतात. एक रुळलेला मार्ग फोर्ड सिएराच्या ‘टाइप ९’ बॉक्सचा, दुसरा माझदा एमएक्स-५ च्या बॉक्सचा. इथे भावना बाजूला ठेवून आकडे बघू. एमजीबीचा मागचा ॲक्सल ३.९०९ ला एक. चौथ्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे साडेतीन हजार फेऱ्या घेतं. तक्रार खरी आहे, दोन तास हा आवाज कानात राहिला की माणूस थकतो. आता एलएच ओव्हरड्राइव्हचं प्रमाण ०.८२. ते टाकलं की त्याच वेगाला फेऱ्या अठ्ठावीसशेच्या आसपास येतात. टाइप ९ च्या पाचव्या गिअरचं प्रमाण किती? ०.८२. आणि एमएक्स-५ च्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये पाचव्याचं? ०.८१४. म्हणजे नवा बॉक्स, ॲडाप्टर, बदललेला प्रोपेलर शाफ्ट, सगळा खर्च करून महामार्गावर जे मिळतं ते १९६० च्या दशकातल्या कारखान्याने ओव्हरड्राइव्हच्या रूपात आधीच देऊ केलं होतं. फरक तीसेक फेऱ्यांचाही नाही.

खालच्या गिअरांतला हिशोब तर टाइप ९ च्या विरुद्धच जातो. एमजीबीच्या नंतरच्या बॉक्सचा पहिला ३.४४ आणि दुसरा २.१७, पहिल्यात पाच हजार फेऱ्यांवर दुसरा टाकला तर इंजिन एकतीसशेच्या पुढे सापडतं, बी-सिरीजला आवडतं तिथे. टाइप ९ च्या चार सिलिंडरवाल्या नमुन्यात पहिला ३.६५, दुसरा १.९७, तिथे इंजिन सत्ताविसशेवर कोसळतं. घाटात वळण घेताना हीच दरी अंगावर येते. माझदाचे ३.१४ आणि १.८९ या बाबतीत बरे. शिवाय ओव्हरड्राइव्ह तिसऱ्या गिअरवरही चालणाऱ्या गाड्यांत १.३८ आणि १.०० यांच्यामध्ये १.१३ चं एक जादा प्रमाण मिळतं. सगळे मिळून सहा होतात. चार गिअरच्या बॉक्सला मागास म्हणणाऱ्यांनी हे बोटांवर मोजून पाहावं.

तरीही पाच गिअरवाल्यांची बाजू पोकळ नाही. माझदाचा बॉक्स हाताला गोड आहे. एमएक्स-५ जगात दहा लाखांहून अधिक बनल्या, त्यामुळे तो मिळतो आणि त्याचे सुटे भागही मिळतात. चारही बाजूंनी घासलेला, आवरण तडकलेला, ओव्हरड्राइव्ह नसलेला बॉक्स ज्याच्या पदरी आहे आणि ज्याला वर्षाला हजारो किलोमीटर फिरायचं आहे, त्याने तो जरूर बसवावा. १९९२ मध्ये रोव्हरने एमजीबीच्याच सांगाड्यावर आरव्ही-८ ही गाडी काढली तेव्हा तिला पाच गिअर दिले. पण त्याबरोबर ३.९ लिटरचं व्ही-८ इंजिनही दिलं. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सने ॲम्बेसेडरला पाच गिअर दिले तेही इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन बसवलं तेव्हाच. दोन्ही ठिकाणी गिअरबॉक्स इंजिनाच्या मागून आला, एकटा आला नाही. टाइप ९ च्या बाबतीत आणखी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते: तो बॉक्स १९८० च्या दशकातला, म्हणजे आता स्वतःच चाळीस वर्षांचा म्हातारा आहे. भंगारातल्या सिएरातून काढलेला घ्यायचा तर त्याचीही बेअरिंगं बदलावी लागतात, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो.

ज्यांच्या गाड्या महाराष्ट्रात आहेत त्यांच्यासाठी कायद्याचा एक मुद्दा इथेच सांगून टाकतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी त्यात अट आहे. नियमात गिअरबॉक्सचं नाव घेतलेलं नाही आणि नोंदणीच्या कागदावर त्याचा क्रमांकही नसतो. पण परका बॉक्स बसवण्यासाठी टनेल कापला, तळाचा पत्रा ठोकला, की गोष्ट गिअरबॉक्सची उरत नाही, बॉडीची होते. म्हणून किट घेणाऱ्याने विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. पत्र्याला हात लावावा लागतो का, हे विचारावं. बोल्टने बसणारा आणि बोल्टनेच निघणारा बदल पुढचा मालक उलटवू शकतो. कापलेला पत्रा उलटत नाही.

सगळ्यात जोरकस आक्षेप मात्र माणसांचा आहे. बॉक्स खोलणारे कुठे उरलेत? ब्रिटनमध्ये त्या काळी कारखान्यात काम केलेली माणसं निवृत्त झाली, बरीच गेली. आपल्याकडेही गॅरेजांत आता संगणक जोडून दोष वाचतात आणि अख्खं युनिट बदलतात. हे खरं आहे, पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. एमजीबीचा बॉक्स हा शिकण्याजोगा बॉक्स आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. कारखान्याच्या वर्कशॉप मॅन्युअलच्या छापील प्रती आजही मिळतात. मोजायची मापं ठरलेली आहेत: लेशाफ्टच्या गुच्छाची टोकाकडची ढिलाई, सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूवर दाबून बसवल्यावर उरणारी फट. ज्या मेस्त्रीने ॲम्बेसेडरचा किंवा पद्मिनीचा बॉक्स उघडलाय त्याला हा परका वाटणार नाही, आणि असे हात मुंबई-पुण्याच्या जुन्या गॅरेजांत अजून आहेत. ते कामाअभावी थांबले तर संपतील. बाहेरून तयार युनिट आणून आपणच त्यांचं काम काढून घेतो.

फक्त एका बाबतीत देशी हिकमतीला आवर घालावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत लेथवर लेशाफ्टचा दांडा अगदी हुबेहूब कातून मिळेल. मापात तो मूळ दांड्यापेक्षा सरस निघेल. पण लेशाफ्टची किंमत मापात नसते, ती पृष्ठभागात असते. वरचा थर काचेसारखा कडक आणि आतला गाभा चिवट असावा लागतो. त्यासाठी योग्य जातीचं पोलाद घेऊन कार्बन मुरवून कडक करावं लागतं आणि मग घासून अखेरचं माप आणावं लागतं. साध्या सळीतून कातलेला दांडा पहिल्या दिवशी चमकतो आणि काही हजार किलोमीटरवर त्यावर तेच खड्डे दिसतात. परदेशातून येणाऱ्या नकली भागांतही हाच रोग असतो. तेव्हा दांडा कुठूनही घ्या, हार्डनेस किती आहे ते विचारा आणि जवळच्या हीट ट्रीटमेंटच्या कारखान्यात मोजून घ्या. ते काम पाच मिनिटांचं आहे.

हा सगळा क्रम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही, हेही तितकंच खरं. एमजीबी भाग्यवान आहे. १९९३ च्या टोयोटा सुप्राच्या ट्विन-टर्बो मॉडेलला जर्मन गेट्राग कंपनीचा व्ही-१६० हा सहा गिअरचा बॉक्स होता. संख्या कमी, मागणी अफाट. आज तो एकटा बॉक्स एखाद्या साध्या गाडीच्या किमतीला जातो. म्हणून अनेक सुप्रावाले निस्सान ३५०झेडचा किंवा मेक्सिकन ट्रेमेकचा बॉक्स ॲडाप्टर लावून बसवतात. हजार अश्वशक्तीच्या नादात त्यांनी मूळ बॉक्सला जी वागणूक दिली तिचाही यात वाटा आहे, पण ते असो. जिथे आतले भाग मिळतच नाहीत तिथे दुरुस्तीचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. एमजीबीतही आवरण तडकलेलं असेल, गिअरचे दात तुटलेले असतील किंवा साध्या बॉक्सच्या जागी ओव्हरड्राइव्ह हवं असेल, तर वापरलेला बॉक्स आणावाच लागतो. ओव्हरड्राइव्हसाठी तर तोच सरळ मार्ग आहे.

असा बॉक्स आणायचा झाला, तर विकणाऱ्याकडून आधी गाडीचं साल, बॉक्सवरचा क्रमांक आणि ओव्हरड्राइव्हवरच्या पट्टीचा फोटो मागवावा. बाजूचं किंवा वरचं झाकण उघडून दातांचे फोटो मागावेत. जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नये. इनपुट शाफ्ट हाताने वर-खाली हलवून किती खेळतो याचा छोटा व्हिडिओ मागावा. आवरणाच्या बोल्टांच्या कानांवर तडा आहे का ते पाहावं. बॉक्स फेकताना-उचलताना तेच कान तुटतात. आणि बिल झालं की तो बॉक्स बसवण्याआधी खोलावा, बेअरिंगं आणि रिंगा बदलाव्यात, मगच इंजिनाला साखळी लावावी.

काढलेला जुना बॉक्स भंगारवाल्याला देऊ नका. ऑइल काढा, आत नवं ऑइल फिरवा, तोंडं प्लास्टिकने बांधा, वर साल आणि क्रमांक लिहा आणि कोरड्या जागी ठेवा. गाडी विकाल तेव्हा तोही गाडीबरोबर द्या.